गूगलचं पॉवरमीटर आणि दारावर अडकवलेला कागद

फेब्रुवारी २००९ मध्ये गूगलच्या समाजकार्य करणाऱ्या शाखेने, म्हणजे गूगल डॉट ऑर्गने, पॉवरमीटर नावाची मोफत सेवा जाहीर केली. घरात कोणत्या वेळी किती वीज जाते याचा आलेख वेबसाइटवर दाखवायचा, एवढंच तिचं काम होतं. १६ सप्टेंबर २०११ रोजी ही सेवा बंद झाली. त्याच काळात अमेरिकेतलीच एक नवखी कंपनी लोकांच्या घरी टपालाने छापील पत्रं पाठवत होती. त्या पत्रांनी वीज वाचली, आणि ती लाखो घरांच्या मीटरवर मोजून सिद्धही झाली.

हे प्रकरण आज मांडायचं कारण आपल्या जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत आहे. महावितरण महाराष्ट्रात घरोघरी टीओडी (टाइम ऑफ डे), म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज गेली ते नोंदवणारे मीटर बसवत आहे. दर तासाचा वापर मोबाईलवर दिसेल, असं ग्राहकांना सांगितलं जातं. म्हणजे पॉवरमीटर जे दाखवत होतं तेच आता आपल्यालाही दिसणार. मला वाटतं, ते नुसतं दिसलं तर फारसं काही वाचणार नाही. आकडा स्वतःहून माणसाच्या हातात यायला हवा, तो कशाशी ताडून पाहायचा हे कळायला हवं, आणि पुढे काय करायचं तेही त्याच कागदावर हवं. अमेरिकेतल्या या अनुभवातून मला तरी हेच दिसतं.

अंदाज नेहमी चुकतात

बिलावर एकच आकडा असतो. समजा २४० युनिट. त्यात फ्रिजचे किती, गिझरचे किती, रात्रभर चाललेल्या पंख्यांचे किती, हे त्यावरून कळत नाही. मग घरात अंदाज सुरू होतात. दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे दिव्यांच्या मागे लागतात आणि ९ वॉटचा एलईडी तासभर चालू राहिला म्हणून मुलांना बोलणी बसतात. तिकडे २००० वॉटचा गिझर पंधरा मिनिटांत अर्धं युनिट खातो. तेवढ्या विजेवर तो दिवा पंचावन्न तास जळला असता. जुना ७५ वॉटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट जातात. कमी वीज घेणाऱ्या बीएलडीसी जातीच्या मोटरचा २८ वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात दहा युनिट घेतो. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स १० वॉट घेत असेल आणि त्याचं बटण कधीच बंद होत नसेल, तर तो एकटा महिन्याला सात युनिट घेतो, टीव्ही कोणी पाहो न पाहो.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या सारा डार्बी यांनी २००६ मध्ये घरांना त्यांचा वापर दाखवून पाहण्याच्या जुन्या प्रयोगांचा आढावा घेतला होता. वापर त्या त्या वेळी डोळ्यांसमोर दिसत असेल तर घरं ५ ते १५ टक्के वीज वाचवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. ऊर्जा क्षेत्रात हा आकडा पुढे सगळ्यांच्या तोंडी झाला. पॉवरमीटरमागची आशा याच आकड्यावर उभी होती आणि ती आशा मुळीच खोटी नव्हती. पण अशा प्रयोगांत बऱ्याचदा हौशीने नाव नोंदवलेली, मोजकी घरं असतात, ही गोष्ट त्या उत्साहात मागे पडली. तिच्याकडे पुढे परत यावं लागेल.

पॉवरमीटर नेमकं काय करायचं

वापराचा तपशील वेबसाइटपर्यंत दोन वाटांनी पोचायचा. पहिली वाट वीज कंपनीची. तिने घरी स्मार्ट मीटर, म्हणजे वापर आपोआप कंपनीला कळवणारा मीटर, बसवलेला असेल आणि गूगलशी करार केलेला असेल, तर मीटरची नोंद कंपनीकडून गूगलकडे जाई आणि ग्राहकाला साधारण कालचा वापर आज दिसे. दुसरी वाट स्वतः उपकरण विकत घेण्याची. ऑक्टोबर २००९ मध्ये टीईडी ५००० हे त्या जातीचं पहिलं उपकरण पॉवरमीटरशी जोडलं गेलं. घरात शिरणाऱ्या मुख्य तारांभोवती प्रवाह मोजणारी कडी अडकवायची आणि आकडे इंटरनेटवरून पाठवायचे. वीज कंपनीची परवानगी लागत नसे, पण खिशातले दोनशे डॉलरच्या आसपास जात.

मे २००९ मध्ये गूगलने सोबतीला आलेल्या पहिल्या वीज कंपन्यांची यादी जाहीर केली. त्यात सॅन दिएगोची, टेक्सासची, फ्लोरिडाची, टोरांटोची कंपनी होती, आणि भारतातली रिलायन्स एनर्जीही होती. मुंबईच्या उपनगरांत वीज देणारी जुनी बीएसईएस कंपनी त्यावेळी याच नावाने ओळखली जात होती, आणि दिल्लीच्या मोठ्या भागातही याच समूहाची वीज होती. म्हणजे कल्पना आपल्या उंबरठ्यापर्यंत आली होती.

पानावरचा आलेख साधा होता, पण त्यात एक गोष्ट फार मोलाची होती. दिवसभराच्या चढउताराखाली एक सपाट पट्टी वेगळी दाखवलेली असे. घरातले सगळे झोपलेले असताना, काहीही मुद्दाम चालू नसताना जी वीज जात राहते, ती ही पट्टी. फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टरचं चार्जिंग, पिन न काढलेले चार्जर, सगळं तिच्यात येतं. शंभर वॉटचा असा तळ असेल तर महिन्याला ७२ युनिट होतात. २४० युनिटच्या घरात हा तीस टक्के वाटा झाला. महिन्याच्या बिलातून तो कधीच दिसत नाही, तासाच्या आलेखात मात्र पहाटे तीनच्या आकड्यावर लगेच दिसतो. ऊर्जेशी संबंधित कोणत्याही वेबसाइटवर एकच सोय ठेवायची परवानगी असती तर मी हीच ठेवली असती. कारण हा तळ एकदा कमी केला की रोज आठवण ठेवावी लागत नाही. जुना फ्रिज बदलला किंवा टीव्हीच्या सगळ्या पिना एका बटणाच्या बोर्डवर घेतल्या की बचत आपोआप सुरू राहते.

मग बंद का पडलं?

२४ जून २०११ रोजी गूगलने सेवा बंद करत असल्याचं सांगितलं. माहिती मिळाली की लोक १५ टक्क्यांपर्यंत वीज वाचवू शकतात, यावर त्या निवेदनातही विश्वास कायम होता. पण आपले प्रयत्न हवे तितक्या वेगाने पसरले नाहीत, असं कारण कंपनीने दिलं. मायक्रोसॉफ्टनेही जून २००९ मध्ये होम नावाची अशीच सेवा सुरू केली होती. तिच्यात घराचा आकार, उपकरणं, राहणारी माणसं अशी माहिती भरली की ती वापराचा अंदाज आणि सल्ले देई. तीही ३१ मे २०१२ रोजी थांबली, आणि कारण तेच होतं: लोक संथपणे येत होते.

पहिली अडचण मीटरचीच होती. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वीज ग्राहकांपैकी पाच टक्क्यांपेक्षाही कमी लोकांकडे नव्या पिढीचे मीटर होते. फेब्रुवारी २००९ च्या आर्थिक प्रोत्साहन कायद्यात स्मार्ट ग्रिडसाठी, म्हणजे असे मीटर आणि संगणकाने जोडलेलं वीजजाळं उभारण्यासाठी, साडेचार अब्ज डॉलर ठेवले गेले, पण मीटर भिंतीवर चढायला वर्षं लागतात.

दुसरी अडचण वीज कंपन्यांच्या मनात होती. ग्राहक आपला, मीटर आपलं, आणि घरातला हिशेब मात्र तिसऱ्याच्या वेबसाइटवर, हे कोणत्या कंपनीला रुचेल? त्यात दर तासाच्या वापरावरून घरात कोण कधी असतं हे कळतं, हा खासगीपणाचा प्रश्नही खराच आहे. या गाठीवर तोडगा निघाला तो नेमका पॉवरमीटर बंद झाला त्याच महिन्यात. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकी सरकारचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी अनीश चोप्रा यांनी वीज कंपन्यांना आवाहन केलं: वेबसाइटवर एक हिरवं बटण ठेवा, ग्राहकाने ते दाबलं की त्याचा स्वतःचा वापर ठरावीक साच्यात उतरवून घेता यावा. जानेवारी २०१२ पासून कॅलिफोर्नियातल्या मोठ्या वीज कंपन्यांनी ते सुरू केलं. माहितीवर पहिला हक्क ग्राहकाचा, ती पुढे कोणाला द्यायची हेही तोच ठरवणार, हे तत्त्व या हिरव्या बटणाने रुजवलं. पॉवरमीटरला ते दोन वर्षं आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

तरीही मीटर भरपूर असते आणि कंपन्या राजी असत्या तरी तिसरी अडचण उरलीच असती, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. पॉवरमीटर पाहायला जावं लागायचं. आधी नाव नोंदवायचं, मग रोज ते पान उघडायचं. पहिल्या आठवड्यात माणूस उत्साहाने पाहतो. सगळं चालू-बंद करून आलेख हलतो का ते बघतो. मग आलेख रोज तसाच दिसायला लागतो आणि ते पान उघडायचं राहून जातं. जो दोनशे डॉलरचं उपकरण घेऊन तारांना कडी अडकवतो, त्याला विजेची आधीपासूनच काळजी असते. ज्याच्या घरी सगळ्यात जास्त वीज वाया जाते, तो त्या पानावर येतच नाही.

सॅन मार्कोसचे २९० दरवाजे

आता त्या कागदाकडे येऊ. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस नावाचं गाव आहे. वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या २९० घरांवर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मीटर घराबाहेर होते, त्यामुळे संशोधकांना ते स्वतः जाऊन वाचता येत. मग त्यांनी दाराच्या मुठीला एक कागद अडकवला. तुम्ही इतकी वीज वापरली, तुमच्या भागातली घरं सरासरी इतकी वापरतात, आणि वीज वाचवायच्या काही युक्त्या.

सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांचा वापर कमी झाला. पण सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांचा वाढला. आपण इतरांपेक्षा काटकसरी आहोत हे कळल्यावर माणसं सैल झाली. हे कोणालाही नको होतं. मात्र काही घरांच्या कागदावर संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली होती. कमी वापरणाऱ्यांसाठी हाताने एक हसरा चेहरा काढला, जास्त वापरणाऱ्यांसाठी नाराज चेहरा. जिथे हसरा चेहरा होता तिथे वापर वाढला नाही. तुम्ही करताय ते चांगलं आहे, एवढा एक शब्द मिळाल्यावर काटकसरी घरं काटकसरीच राहिली.

याच मंडळींचा पुढचा अभ्यास २००८ मध्ये आला. त्यात वेगवेगळ्या दारांवर वेगवेगळी कारणं लिहिलेले कागद लावले होते. पैसे वाचतील, पर्यावरण वाचेल, समाजासाठी करा, आणि तुमचे बहुतेक शेजारी हे करतात. सगळ्यात जास्त फरक शेवटच्या कागदाने पडला. लोकांना विचारलं तर ते सांगत होते की शेजारी काय करतात याचा आपल्यावर सगळ्यात कमी परिणाम होतो. मीटर वेगळं सांगत होता. आपल्याकडे बचतीच्या जाहिरातीत पहिली ओळ नेहमी पैशाची असते. ती लिहिण्याआधी हा अभ्यास कोणीतरी वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पत्रांची कंपनी

ॲलेक्स लास्की आणि डॅन येट्स या दोघांनी २००७ मध्ये या संशोधनावर कंपनी उभी केली. आधी तिचं नाव पॉझिटिव्ह एनर्जी होतं, पुढे ओपॉवर झालं. घरात कोणतंही उपकरण बसवायचं नाही, ग्राहकाने कुठे नाव नोंदवायचं नाही. वीज कंपनीकडे असलेली मीटरची नोंद घ्यायची आणि दर महिन्याला किंवा काही महिन्यांनी एक पत्र पाठवायचं. पत्रात तीन पट्ट्या: तुम्ही, तुमच्यासारखी जवळपासची शंभरेक घरं, आणि त्यांतली सगळ्यात काटकसरी घरं. खाली त्या घराला लागू पडतील अशा दोन-तीन सूचना.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक वीज संस्थेने सुमारे ३५ हजार घरांना ही पत्रं पाठवायला सुरुवात केली. ही घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती आणि तेवढ्याच किंवा त्याहून अधिक घरांना मुद्दाम पत्र पाठवलं नव्हतं. दोन्ही गटांची मीटर मोजली. पत्र मिळालेल्या घरांचा वापर साधारण दोन टक्क्यांनी कमी झाला. नाराज चेहऱ्यांवर मात्र ग्राहक चिडले. संस्थेने ते काढून टाकले, हसरे तेवढे ठेवले.

पुढे अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट यांनी देशभरातल्या अशा सहा लाख घरांचे आकडे तपासले. त्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. सरासरी बचत दोन टक्के. रोजच्या हिशेबात ६० वॉटचा एक बल्ब दहा तासांहून थोडा अधिक वेळ बंद ठेवण्याइतकी. सगळ्यात जास्त वीज वापरणाऱ्या दहा टक्के घरांनी ६.३ टक्के वाचवली आणि सगळ्यात कमी वापरणाऱ्या दहा टक्क्यांनी ०.३ टक्के. इतकीच बचत विजेचे दर वाढवून करायची झाली असती, तर अल्पकाळात ११ ते २० टक्क्यांची दरवाढ लागली असती, असा त्यांचा हिशेब होता. टपालाच्या खर्चात हे झालं.

डार्बींचे पंधरा टक्के आणि ओपॉवरचे दोन टक्के शेजारी ठेवले की दोन टक्के किरकोळ वाटतात. पण ते पंधरा टक्के ज्यांनी स्वतः हात वर केला त्यांचे असतात. दोन टक्के सगळ्यांचे असतात: ज्यांनी पत्र उघडून वाचलं त्यांचे, ज्यांनी ते फाडून टाकलं त्यांचेही. शहरातल्या हजारात एखाद्या घराने पंधरा टक्के वाचवले तर शहराच्या मागणीत काही हलत नाही. सगळ्या घरांनी दोन टक्के वाचवले तर वीज कंपनीच्या खरेदीत ते दिसतं. शिवाय नाव नोंदवलेल्या माणसाने वाचवलेली वीज वेबसाइटमुळे वाचली की त्याच्या स्वभावामुळे, हे सिद्ध करणं अवघड असतं. पत्रांच्या बाबतीत अर्धी घरं तुलनेला ठेवलेली असल्याने शंकेला फार जागा राहत नाही.

बचत टिकते का, हा प्रश्न ऑलकॉट आणि टॉड रॉजर्स यांनी २०१४ मधल्या निबंधात धसाला लावला. पहिलं पत्र मिळाल्यावर लोक लगेच काही दिवस जपून वागतात, मग सैल पडतात. दुसरं पत्र येतं, पुन्हा तेच. पण पत्रं येत राहिली तर हे चढउतार हळूहळू सपाट होतात आणि वागणं बदलतं. दोन वर्षांनी पत्रं थांबवली तेव्हा बचत एकदम गेली नाही, वर्षाला दहा ते वीस टक्क्यांनी विरत गेली. म्हणजे आठवण ठरावीक काळाने, बराच काळ करून द्यावी लागते. ते काम पॉवरमीटरच्या पानाने माणसाच्या स्वतःच्या इच्छेवर सोडलं होतं.

ओपॉवर २०१६ मध्ये ओरॅकलने ५३ कोटी डॉलरच्या आसपास देऊन विकत घेतली.

बेकर्सफील्डचा धडा

महाराष्ट्राकडे वळण्याआधी एक प्रसंग सांगणं भाग आहे. २००९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड भागात नव्या स्मार्ट मीटरनंतर लोकांची बिलं वाढली. मीटर पळतात, अशी ओरड झाली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. राज्याच्या नियामक आयोगाने स्वतंत्र तपासणी करवली. सप्टेंबर २०१० च्या अहवालात मीटर बरोबर मोजत असल्याचं निघालं. उन्हाळा कडक होता, दर वाढले होते, आणि लोकांच्या तक्रारी नीट ऐकून घेतल्या गेल्या नव्हत्या. या शेवटच्या गोष्टीसाठी अहवालाने वीज कंपनीला दोष दिला.

लोकांची शंका अडाणीपणातून आलेली नव्हती. आकडा फुगला, कारण कोणी सांगितलं नाही, आणि नुकताच बदललेला मीटर समोर होता. अशा वेळी दुसरं काय वाटणार? महाराष्ट्रातही स्मार्ट प्रीपेड मीटरला असाच विरोध झाला आणि सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला २०२४ मध्ये जाहीर करावं लागलं. आता बसतात ते बिल नंतर येणारे टीओडी मीटर. तासाच्या नोंदी इथे खऱ्या कामाच्या ठरू शकतात. वाढलेल्या बिलाची तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकासमोर मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा आलेख ठेवता आला, तर वाढ दुपारच्या एसीची आहे, पहाटेच्या गिझरची आहे की खरोखरच मीटरमध्ये दोष आहे, हे दोघांनाही समजेल.

आपल्या घरांत हे कसं उतरेल

जुलै २०२५ पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांना टीओडी मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरासाठी युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत ठरली. यामागचा विचार योग्य आहे. या वेळेत सौर वीज मुबलक असते. संध्याकाळी सूर्य मावळतो, दिवे, स्वयंपाकघर आणि एसी एकदम सुरू होतात, आणि भार कोळशाच्या वीजकेंद्रांवर जातो. धुण्याचं यंत्र, पाण्याचा पंप, इस्त्री दुपारी चालवली तर युनिट तितकीच लागतात, पण ती कुठून येतात ते बदलतं.

आता पैशाचा हिशेब करू. एखाद्या घराने महिन्याला तीस युनिट दुपारी वळवली तर वाचतात चोवीस ते तीस रुपये. एवढ्यासाठी कोणी दिनक्रम बदलेल असं मला वाटत नाही. सॅन मार्कोसच्या दारांवर पैशाचा कागद फिका पडला होता, तो इथे आठवतो. स्लॅबची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे १००, ३०० आणि ५०० युनिटवर दर पायरीने चढतो. वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या पायरीवरून कमी होतं. वीस तारखेला ग्राहकाला कळलं की आपण २३० वर आहोत आणि याच गतीने ३०० ओलांडू, तर त्या निरोपाला धार येते. महिना संपल्यावर तीच माहिती निरुपयोगी.

तुलनेच्या बाबतीत आपली शहरं अमेरिकेपेक्षा सोयीची आहेत. तिथे स्वतंत्र घरं, कोणाचं मोठं, कोणाचं लहान, कोणाकडे तरणतलाव. पुण्यातल्या, ठाण्यातल्या किंवा नाशिकच्या एका इमारतीत वीस सारखेच दोन खोल्या-स्वयंपाकघराचे फ्लॅट एकावर एक असतात. याहून न्याय्य तुलना कुठे मिळणार? अट एकच, नावं आणि फ्लॅट क्रमांक कुठेही येता कामा नयेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचं बिल झळकलं तर बचत बाजूला राहील आणि भांडणं सुरू होतील. ज्या घरात म्हातारी माणसं दिवसभर असतात, आजारी कोणी ऑक्सिजन यंत्रावर असतं, त्या घराचा वापर जास्तच असणार, आणि त्यांना अपराधी वाटावं असा एक शब्दही त्या पत्रात नको.

गावाकडे आणि छोट्या घरांत मात्र ही तुलना लावू नये. महिन्याला पन्नास-साठ युनिट वापरणाऱ्या घराकडे वाचवण्यासारखं काही नसतं. अमेरिकेतल्या तळाच्या दहा टक्क्यांनी ०.३ टक्केच वाचवले, ही त्यांची हयगय नव्हती. अशा घरासाठी कमी विजेचा पंखा हप्त्याने मिळणं हीच खरी मदत. त्याला पत्रं पाठवणं म्हणजे उगाच बोल लावणं.

निरोप कोणाकडे जातो, हेही पाहिलं पाहिजे. कित्येक घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतो आणि नोंदवलेला मोबाईल नंबर दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेल्या मुलाचा असतो. भाड्याच्या घरात नंबर घरमालकाचा. दुपारी यंत्र लावायचं की रात्री, हे ठरवतं ते घरातलं दुसरंच कोणीतरी, बहुतेक वेळा गृहिणी, आणि तिच्या फोनवर ते ॲप नसतं. तासाचा आलेख कितीही सुंदर काढला तरी तो चुकीच्या खिशात पडून राहिला तर काय उपयोग? छापील बिल अजून घरात येतं, फ्रिजवर चिकटवलं जातं, त्यावर सगळ्यांची नजर जाते. म्हणून त्याची जागा मला मोबाईलपेक्षा वरची वाटते.

आणि काही ठिकाणी माणसाला विचारायचीच गरज नसते. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकला जाणारा घरगुती एसी चालू केल्यावर २४ अंशांवरच सुरू झाला पाहिजे, असा नियम आला. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. हवं त्याने ते कमी करावं, बंदी नाही. पण जो हात लावत नाही त्याची वीज न सांगता वाचते. जिथे अशी सोय यंत्रातच बसवता येते तिथे ती आधी बसवावी, आणि पत्र, आलेख, सूचना यांचा उपयोग उरलेल्या गोष्टींसाठी करावा.

महावितरणच्या बिलावर आणि ॲपवर मला चार गोष्टी पाहायला आवडतील. पहाटे तीनचा तळ, वॉटमध्ये आणि महिन्याच्या युनिटमध्ये. वीस तारखेचा स्लॅबचा इशारा. शंभर-दीडशे युनिटांवरच्या ग्राहकांना तेवढ्याच मंजूर भाराच्या जवळपासच्या घरांशी तुलना, आणि काटकसरी घराला शाबासकीची एक ओळ. आणि घरात कोणीही उतरवून घेऊ शकेल असा स्वतःच्या वापराचा तक्ता, मराठीत. यातल्या एकाही गोष्टीला नवा मीटर लागत नाही, बसलेला पुरतो.

सुरुवात एका उपविभागापासून करता येईल. ग्राहकांची चिठ्ठ्या टाकून दोन भागांत विभागणी करायची, एका भागाला वर्षभर दर महिन्याच्या बिलामागे हे पत्र छापून द्यायचं, दुसऱ्याला नेहमीचं बिल. मीटर दोघांचीही नोंद ठेवतोच आहे. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत मोजायचं, कारण एका मोसमाचा आकडा फसवतो. निकाल काहीही येवो, दोन टक्के, चार टक्के किंवा शून्य, तो आकडा जाहीर करायचा, म्हणजे उरलेल्या राज्यात छपाईचा खर्च करायचा की नाही हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.